मंडई मेट्रो स्टेशनच्या बाहेर आल्यावर पुढे काय?

भुयारी मेट्रोचं कौतुक करून झालं असेल तर आता जरा जमिनीवर येऊ.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. खर्च सुमारे १,८१० कोटी. मुठेच्या पात्राखालून, पेठांमधल्या जुन्या वाड्यांखालून बोगदे नेणं सोपं नव्हतं. ते झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं. स्वारगेटहून मंडईत यायला आता काही मिनिटं पुरतात, तीही एसीत.

पण सरकत्या जिन्याने वर आलात की? तुळशीबाग, दगडूशेठ, लक्ष्मी रोड, सगळं चालत जाण्यासारखं आहे. नकाशावर तरी. प्रत्यक्षात फुटपाथवर दुचाक्या, म्हणून माणसं रस्त्यावर. रस्त्यावर माल उतरवणारा टेम्पो, म्हणून माणसं आणखी मध्ये. आणि मागून हॉर्न. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या आजींना यातून वाट काढायची असते. त्यांच्यासाठी स्टेशनात लिफ्ट दिली, फार छान. पण लिफ्टच्या दारापासून भाजीच्या गाळ्यापर्यंतची जबाबदारी कुणाची? मेट्रो म्हणणार महापालिकेची, महापालिका म्हणणार वाहतूक पोलिसांची.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "हातगाड्या उचला, रस्ता मोकळा होईल." मला हे पटत नाही. लोक मंडईत येतात तेच मुळी या बाजारासाठी. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे जागा आखून द्या आणि आखल्याबाहेर कुणी बसला तर जरूर कारवाई करा. पण फुटपाथवर दिवसभर उभ्या असलेल्या गाडीला कुणी अतिक्रमण म्हणत नाही, हे कसं? अगदी जवळच मिसाळ आणि बाबू गेनू असे दोन वाहनतळ आहेत. गाडी तिथे लावून शंभर पावलं चालायची तर आपल्याला जिवावर येतं. (हो, आपल्यालाच. सगळं खापर महापालिकेवर फोडून चालणार नाही.)

याच मंडईची एक गोष्ट आठवते. ही इमारत बांधायचा घाट घातला गेला तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला नाव त्यांचंच मिळालं. मोठ्या बांधकामाला पैसा निघतो आणि रोजच्या गरजेला निघत नाही, ही तक्रार या शहरात तेव्हापासूनची आहे.

२०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो. गाड्या बंद, गालिचे, फोटो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तर पायाखाली मेट्रो आहे, मग वर्षातून एकच दिवस का?

मागणी फार मोठी नाही. स्टेशनच्या दारापासून तुळशीबागेपर्यंतचा फुटपाथ सलग आणि मोकळा करा. माल उतरवायची वेळ रात्री आणि पहाटे ठरवा, व्यापाऱ्यांशी बोलून. शिवाजी रोड ओलांडायला पादचाऱ्यांचा सिग्नल द्या, आणि तो म्हाताऱ्या माणसाला पुरेल इतका वेळ हिरवा ठेवा. यातल्या कशालाच बोगदा खणावा लागत नाही.

आणि हे गणपतीच्या आधी व्हायला हवं. २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर धावली, लोकांनी भरभरून वापरली. खालून गर्दी अशी येत राहणार आणि वर जागा तेवढीच राहणार असेल, तर एखाद्या वर्षी चेंगराचेंगरी व्हायला वेळ लागणार नाही.

मंडई किंवा कसबा पेठ स्टेशनबाहेर तुम्हाला कुठे अडचण येते ते कॉमेंटमध्ये लिहा. नेमकी जागा, वेळ आणि जमलं तर फोटो. गाडीचा नंबर दिसत असेल तर झाका, भांडण कुणा एकाशी नाही. सगळं एकत्र करून क्षेत्रीय कार्यालयात निवेदन देऊ. सोबत यायची तयारी असेल त्यांनी तसंही कळवा.