मुंग्या खऱ्या, टेन्शनही खरे

चाळिशीतली एक महिला ओपीडीत येते. पिशवीत मानेचे दोन एमआरआय, नसांची एनसीव्ही तपासणी आणि रक्ताच्या अहवालांचा गठ्ठा. तक्रार एकच : दोन्ही हातांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर होते, कधी बोटे आखडतात. पहिल्या डॉक्टरांनी ‘मानेची नस दबली आहे’ असे सांगून गळ्याला पट्टा दिला. दुसऱ्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘‘काही नाही ताई, सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका.’’ सोबतच्या नवऱ्याने नेमके एवढेच ऐकले आणि घरी गेल्यावर तिच्या दुखण्याचे नाव ‘नाटक’ पडले.

या महिलेच्या बाबतीत दोन्ही डॉक्टर चुकले. एकाने यंत्राच्या चित्राला आजार मानले, तर दुसऱ्याने आजार नाही असे मानले. मुळात चिंतेमुळे येणाऱ्या मुंग्या या कल्पनेतल्या नसतात, त्यामागे शरीरातली ठोस घडामोड असते.

माणूस घाबरला की श्वास जलद होतो. अनेकदा त्याला स्वतःला ते जाणवतही नाही. वारंवार उसासे टाकणे, जांभया येणे एवढेच दिसते. जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल अल्कलीच्या बाजूला झुकतो आणि रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण घटते. त्यामुळे नसा गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होतात. मग बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि त्रास वाढला तर बोटे आखडतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगरते. रक्ताचा नेहमीचा कॅल्शियमचा अहवाल मात्र नॉर्मल येतो, कारण त्यात एकूण कॅल्शियम मोजलेले असते.

दुसरी गोष्ट लक्ष लागण्याची. कोणी उवांचा विषय काढला की आपले डोके खाजू लागते. एरवी शरीराकडून येणारे असंख्य बारीक संदेश मेंदू बाजूला सारतो. भीती वाटू लागली की तेच संदेश मोठे होऊन समोर येतात. लक्ष दिले की संवेदना वाढते आणि संवेदना वाढली की भीती वाढते. हे चक्र सुरू झाल्यावर ‘विचार करू नका’ हा सल्ला कामाचा नसतो.

अशा वेळी केलेला एमआरआय अनेकदा गोंधळ वाढवतो. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ निरोगी स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय काढण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ८८ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे अहवालातल्या ‘डिस्क बल्ज’चा रुग्णाच्या मुंग्यांशी संबंध असेलच असे नाही. पण ‘नस दबली’ हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस मान वळवायलाही घाबरतो. त्याची चिंता वाढते आणि तिच्यापाठोपाठ मुंग्याही.

मात्र याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. मुलीच्या लग्नाच्या कर्जाने हैराण झालेला पन्नाशीचा एखादा रिक्षाचालक तळपाय बधिर झाल्याचे सांगतो. त्याची झोप उडालेली असते, बोलताना डोळ्यांत पाणी येते. ‘टेन्शन’ हे निदान समोर तयारच असते. पण तो आणखी एक गोष्ट सांगतो : जमिनीवर चालताना गादीवरून चालल्यासारखे वाटते आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. हे वाक्य ऐकून घेतले, तर त्याचा शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली मेटफॉर्मिनची गोळी आठवते आणि बी-१२ची तपासणी होते. ऐकून घेतले नाही, तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची झालेली हानी पुढे पूर्णपणे भरून येत नाही.

चिंताग्रस्त माणसालाही मधुमेह, थायरॉइड, कुष्ठरोग होऊ शकतो. त्याच्याही मनगटातली नस खरोखर दबू शकते. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजाराची सुरुवातही पायांतल्या मुंग्यांनी होऊ शकते. मग काही तासांत किंवा दिवसांत अशक्तपणा वर चढतो आणि काही रुग्णांच्या श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. तिथे ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवणे जिवावर बेतू शकते.

मग फरक ओळखायचा कसा? बहुतेक वेळा रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांतून आणि खिशातल्या छोट्या हातोडीने. धडधड, धाप यांच्यासोबत येणाऱ्या, काही मिनिटे राहून पूर्ण जाणाऱ्या, हातांत आणि ओठांभोवती जाणवणाऱ्या मुंग्या जलद श्वासाकडे बोट दाखवतात. रात्री झोपेतून उठवणाऱ्या, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांतल्या मुंग्या मनगटातल्या नसेकडे. तळपायांतून सुरू होऊन महिनोन्‌महिने वर सरकणारा बधिरपणा मधुमेहाकडे किंवा बी-१२कडे. त्वचेवरचा फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाकडे. वाढत जाणारा अशक्तपणा, तोल जाणे, चेहरा किंवा शरीराची एक बाजू अचानक लुळी पडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे दिसली तर चिंतेचा विचार नंतर. आधी तातडीने रुग्णालय गाठायला हवे.

अहवाल नॉर्मल म्हणजे चिंता, हे गणितही चुकीचे आहे. एनसीव्हीत जाड मज्जातंतूच तपासले जातात. बारीक तंतूंचा आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. चिंतेचे निदानही तिच्या स्वतःच्या खुणा पाहूनच व्हायला हवे. आणि ते रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगायला हवे. ‘‘तुमच्या नसा शाबूत आहेत, पण जलद श्वासामुळे त्या उगाच संदेश पाठवताहेत, हे बरं होतं,’’ एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. सरकारी ओपीडीच्या रांगेत ही दोन मिनिटे महाग वाटतात. पण तीच वाचवली की रुग्ण दवाखाने बदलत राहतो, घरची बचत तपासण्यांवर जाते आणि अखेर तो त्याच रांगेत पुन्हा उभा राहतो.

उपचार आहेत. सावकाश श्वास सोडण्याचा सराव, समुपदेशन, गरज पडल्यास औषधे. ड्युलोक्सेटिन हे एकच औषध मधुमेहातल्या नसांच्या वेदनेवरही दिले जाते आणि चिंतेच्या आजारावरही; मन आणि नसा यांच्यात आपण घातलेली भिंत शरीराला ठाऊक नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना घरगुती उपाय मात्र टाळावा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो. मानसिक आधारासाठी सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे.

त्या महिलेला गळ्याचा पट्टा नको होता आणि ‘काही नाही’ हे उत्तरही नको होते. केसपेपरवर ‘टेन्शन’ लिहिण्याआधी डॉक्टरांनी हातोडी बाहेर काढावी आणि लिहिल्यानंतर खुर्ची थोडी पुढे ओढून ते समजावून सांगावे. शक्यतो सोबतच्या नवऱ्यालाही.