चित्रं एक नंबर, गोष्ट मात्र उपाशी

'रामायण ३३९२ ए.डी.' हे कॉमिक व्हर्जिन कॉमिक्सनं २००६ साली काढलं. कल्पना दीपक चोप्रा आणि शेखर कपूर यांची, लेखन शमिक दासगुप्तांचं, चित्रं अभिषेक सिंग यांची. महायुद्धानंतर जग बेचिराख झालंय आणि त्या जगात रामायण घडतंय.

चित्रांबद्दल वादच नाही राव. एकेक पान कापून भिंतीवर लावावं असं. पण गोष्ट? इथला राम वनवासात जातो तो कैकेयीच्या वरामुळं नाही. सामान्य लोकांचे जीव वाचावेत म्हणून तो शत्रूपुढं शरण जातो, त्याची ही शिक्षा. केवढी मोठी कळ हाती लागली होती! पण ज्यांच्यासाठी त्यानं हे केलं, ते लोक पुढं काय खातात, कुठं राहतात, यापेक्षा कॉमिकला पुढच्या लढाईची घाई. माझ्या मते गोष्ट तिथंच फसली.

जग बुडाल्यावर खरी गोष्ट सुरू होते ती उरलंसुरलं वाटून घेताना. हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपानं वाडा पाडला तशी झोपडीही पाडली. पण पुनर्वसनात घर मिळालं ते जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सगळं सपाट झालं तरी सातबारा शाबूत होता!

२०१६ ला लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर. त्या गाडीचे फोटो देशभर गाजले. पण ते पाणी कुठल्या गल्लीत किती दिवसांनी पोचलं, कोणाची घागर आधी भरली, हे किती जणांना सांगता येईल? बातम्यांचंही त्या कॉमिकसारखंच झालंय. भेगाळलेल्या जमिनीचा फोटो दर उन्हाळ्यात झकास येतो, वाटपाची गोष्ट येत नाही. फोटो बघून लोक हळहळतात, पण जाब विचारायचा तर आधी गोष्ट कळावी लागते.

नांदेड-लातूरची पोरं आज मोबाईलवर काय भारी चित्रं काढतात, बघतोय मी. पोरांनो, पडक्या इमारती आणि राक्षस जरूर काढा. पण आधी टँकरच्या रांगेत शेवटी कोण उभं आहे, ते ठरवा. तुमची गोष्ट तिथून सुरू होते.