विश्लेषण : फोटो ‘छान’ आला म्हणूनच पासपोर्ट अडतो? प्रकाश, पार्श्वभूमी आणि ‘टच-अप’चे नियम काय सांगतात?

स्टुडिओत पासपोर्ट साइज फोटो काढला की छायाचित्रकार चेहऱ्यावरचे डाग पुसतो, रंग थोडा उजळ करतो आणि पंधरा मिनिटांत आठ कॉपी हातात ठेवतो. आता हे काम मोबाइल आपोआपच करतो. फोटो पाहून घरचे खूश होतात, पण अर्ज परत येतो. अडचण चेहऱ्यात नसते. त्यावरचा प्रकाश, मागची भिंत आणि नंतर केलेली ‘सफाई’ यांमुळे अर्ज अडकतो. हे नियम इतके कडक का झाले आणि त्यांचा फटका कोणाला अधिक बसतो, याचा हा आढावा.

नियम नेमके काय आहेत?

पासपोर्टवरील फोटो कसा असावा, याचे जागतिक निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे ‘इकाओ’ ठरवते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशांतील भारतीय दूतावासांनी पासपोर्टच्या अर्जासाठी या निकषांत बसणारा फोटो बंधनकारक केला. दुबईपासून अमेरिकेपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांचा याच्याशी थेट संबंध येतो. फोटो ६३० बाय ८१० पिक्सेलचा हवा, त्यात चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के जागा व्यापलेली हवी, पार्श्वभूमी पांढरी हवी आणि चेहऱ्यावर किंवा मागे सावली नको. चष्मा काढलेला, तोंड मिटलेले, डोळे उघडे आणि त्वचेचा रंग नैसर्गिक हवा. संगणकावर फोटोत कोणताही बदल केलेला चालत नाही.

भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात प्रौढांचा फोटो तिथेच काढला जातो. चार वर्षांखालील मुलांचा फोटो मात्र पालकांनी न्यावा लागतो. जेईईसारख्या प्रवेश परीक्षांच्या अर्जातही पांढरी पार्श्वभूमी, ८० टक्के चेहरा आणि दोन्ही कान दिसणे अशा अटी असतात. त्यामुळे हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता उरलेला नाही.

फोटो पाहणारे कोण बदलले?

पूर्वी फोटो अधिकारी पाहत असे. आता तो आधी यंत्र पाहते. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये फोटो डिजिटल स्वरूपात साठवला जातो आणि अनेक विमानतळांवर कॅमेऱ्यासमोरचा चेहरा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. भारतात ई-पासपोर्टचा प्रायोगिक टप्पा १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. सुरुवातीच्या मोजक्या कार्यालयांत नागपूरचाही समावेश होता.

यंत्राला ‘छान’ काय ते कळत नाही. दोन डोळ्यांतील अंतर, नाकाची ठेवण, जबड्याची कड अशा खुणांवरून ते चेहऱ्याचा गणिती नमुना तयार करते. लग्नासाठीच्या फोटोत एका बाजूने येणारा प्रकाश चेहऱ्याला उठाव देतो, पण ओळखपत्राच्या फोटोत तीच सावली निम्म्या खुणा झाकून टाकते. म्हणून इथे प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा लागतो. पार्श्वभूमी साधी ठेवायची, ती डोके आणि केसांची कड स्पष्ट कळावी म्हणून.

‘टच-अप’ला एवढा विरोध का?

याचे एक कारण साधे आहे. ब्यूटी मोड त्वचा गुळगुळीत करतो, पण काही फोनमध्ये तो डोळे मोठे आणि गालही बारीक करतो. म्हणजे ज्या अंतरांवर ओळख अवलंबून असते, तीच बदलतात. तीळ किंवा व्रण पुसला, तर माणसालाही ओळख पटवणे अवघड जाते.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, दोन व्यक्तींचे चेहरे संगणकावर एकत्र मिसळून तयार केलेला फोटो त्या दोघांशीही जुळू शकतो. याला ‘मॉर्फिंग’ म्हणतात. थोडक्यात, एका पासपोर्टवर दोघांना प्रवास करता येईल. २०१८ मध्ये जर्मनीतील ‘पेंग!’ या कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने युरोपीय संघाच्या तत्कालीन परराष्ट्र धोरणप्रमुख फेडेरिका मोघेरिनी यांचा चेहरा आपल्यातील एकीच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्या फोटोवर खराखुरा पासपोर्ट मिळवून दाखवला. जर्मनीने १ मे २०२५ पासून पासपोर्टसाठी कागदी फोटो घेणे बंद केले. आता फोटो सरकारी कार्यालयात काढावा लागतो किंवा नोंदणीकृत स्टुडिओतून सुरक्षित मार्गाने थेट पाठवावा लागतो. अर्जदाराच्या हातात फाइल येतच नाही, त्यामुळे फेरफार करायला वाव उरत नाही.

सावळ्या चेहऱ्यांची अडचण काय?

नियम सर्वांना सारखे आहेत, पण कॅमेरा सर्वांना सारखा वागवत नाही. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरते. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की दृश्य फार उजळ आहे असे समजून ते संपूर्ण फोटो काळसर करते. गोरा चेहरा त्यातही निभावतो. सावळ्या चेहऱ्याचे बारकावे मात्र हरवतात. मग स्टुडिओवाला संगणकावर चेहरा उजळवतो आणि ‘नैसर्गिक रंग’ ही अट मोडते. म्हणजे चूक प्रकाशयोजनेची आणि भुर्दंड अर्जदाराला. जर्मनीत पार्श्वभूमीसाठी फिकट राखाडी रंगाची शिफारस असते. भारतात मात्र पांढराच रंग हवा, त्यामुळे प्रकाश योग्य देण्याची जबाबदारी अधिक वाढते.

यंत्रांचा इतिहासही असाच आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात छपाईचे रंग जुळवण्यासाठी वापरले जाणारे ‘शर्ली कार्ड’ अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या फोटोचे होते. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये आशियाई वंशाच्या एका तरुणाचा फोटो ‘डोळे मिटलेले’ असे सांगून संगणकाने नाकारला. त्याचे डोळे उघडेच होते.

घरी फोटो काढताना काय पाहावे?

सेल्फी टाळावी. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात, त्यामुळे डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो. फोटो दुसऱ्या कोणाकडून, सुमारे दीड मीटरवरून काढून घ्यावा. भिंतीला टेकून उभे राहू नये. दोन-तीन फूट पुढे आले की सावली भिंतीवर पडत नाही. खिडकीकडे तोंड करून दिवसाच्या उजेडात उभे राहावे. डोक्यावरच्या बल्बमुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात. तेलकट कपाळ आणि गाल पुसून घ्यावेत, कारण चमक आली की यंत्राला तो भाग दिसत नाही.

चेहरा सावळा असेल तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवावा. हे फोटो काढण्याआधी करायचे, नंतर नव्हे. ब्यूटी आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवावेत. पोर्ट्रेट मोड केस आणि कानांची कड पुसट करतो. पांढरा सदरा पांढऱ्या भिंतीत मिसळून जातो, म्हणून गडद कपडे घालावेत. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा दर्जा घसरतो.

पुढे काय?

नियम कडक होणे अपरिहार्य दिसते, कारण एआयने चेहरा बदलणे आता कोणालाही जमते. पण फोटो का नाकारला, हे अर्जदाराला स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे आणि यंत्र चुकले तर दाद मागायला माणूस उपलब्ध असला पाहिजे. स्टुडिओंनाही जुनी सवय सोडावी लागेल. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून रंग उजळवणे ही आजवर सेवा मानली जात होती. आता त्याच सेवेमुळे कोणाचा व्हिसा लांबेल, तर कोणाचा परीक्षेचा अर्ज अडकेल. ओळखपत्रावरचा चेहरा सुंदर दिसला नाही तरी चालेल, तो आपलाच असला पाहिजे आणि तो तसा टिपण्याइतका प्रकाश प्रत्येक रंगाच्या चेहऱ्याला मिळाला पाहिजे.