बाणावर बाण आदळू द्या

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी क्लिप टाकली. जुन्या ‘रामायणा’तलं युद्ध, पण एआयने ‘सुधारलेलं’. बाणाच्या टोकातून ज्वाळा, आकाशात हॉलिवूडसारखे ढग, आणि रावणाच्या चेहऱ्यावर मेणाच्या पुतळ्यासारखी चकाकी. खाली अंगठ्यांचा पाऊस. एकाने लिहिलं, “अख्खी सिरीयल अशी करून सरकारने पुन्हा दाखवायला पाहिजे.”

मला हे बिलकुल पटलेलं नाही. ग्रुपवर वाद नको म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी मान्य करतो की ते ट्रिकसीन आज बघताना हसू येतं. इकडून एक बाण, तिकडून एक बाण, दोघे हळूहळू मधोमध येतात, भेटतात आणि फुस्स. हनुमान उडतो तेव्हा त्याच्या अंगाभोवतीची कड दिसते. २८ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं तेव्हा घरात पोरं खदाखदा हसत होती आणि आई त्यांच्यावर डोळे वटारत होती. पण दोनच दिवसांत तीच पोरं नऊ वाजायच्या आधी टीव्हीसमोर. बाण तेच होते, ढग तेच होते. पुढची पिढी जुनं बघत नाही ते इफेक्टमुळे, असं म्हणणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

आता थोडं तांत्रिक, कारण इथेच सगळा घोळ आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या बहुतेक मालिका व्हिडिओ टेपवर आहेत. त्या टेपवर ५७६ ओळींचं चित्र मावतं. म्हणजे तपशील तेवढाच. तुम्ही ‘फोर के’ करा नाहीतर आणखी काही, जे टेपवर नाहीच ते येणार कुठून? एआय ते मनाने रचतं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दागिन्यांची नक्षी, मागची झाडं, सगळं अंदाजपंचे. म्हणून रावण मेणाचा दिसतो. अरविंद त्रिवेदींनी डोळ्यांतून जे केलं ते त्यात पार पुसलं गेलं.

फिल्मवर शूट झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. ३५ मिमीच्या निगेटिव्हमध्ये जुन्या टीव्हीला कधी दाखवताच आला नाही एवढा तपशील झोपलेला असतो. अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ घ्या. १९६६ ते ६९, एकूण ७९ भाग. २००६ मध्ये चाळीस वर्षं झाली म्हणून सगळे भाग साफ करायला घेतले आणि अंतराळयानाची जुनी मॉडेलची दृश्यं काढून संगणकावरची टाकली. चाहत्यांत भांडणं लागली. पण पुढे ब्लू-रे आली तेव्हा त्यांनी एक शहाणपणा केला. दोन्ही इफेक्ट डिस्कवर ठेवले, बघणाऱ्याने रिमोटवरून निवडायचं.

त्याहून मला भावलं ते तिच्या पुढच्या मालिकेचं, ‘नेक्स्ट जनरेशन’चं. ही सुरू झाली १९८७ ला, म्हणजे आपल्या ‘रामायणा’च्याच वर्षी. शूटिंग फिल्मवर, पण एडिटिंग आणि इफेक्टची जोडणी टेपवर. त्यामुळे एचडी करायला मूळ निगेटिव्ह शोधून अख्खी मालिका नव्याने जोडावी लागली. तिथे सगळं संगणकावर नवं करायला कारणही होतं आणि संधीही. तरी बहुतेक ठिकाणी त्यांनी मूळ मॉडेलचीच फिल्म वापरली, फक्त नीट जोडली. जे सापडलं नाही तेवढंच नवं केलं.

उलटं उदाहरण ‘स्टार वॉर्स’चं. जॉर्ज लुकासने १९९७ ला जुन्या तिन्ही सिनेमांत नवे इफेक्ट घुसवले आणि लोकांनी थिएटरात पाहिलेली मूळ आवृत्ती चांगल्या दर्जात मिळणंच अवघड करून ठेवलं. गंमत बघा, ९७ मध्ये जे नवंकोरं वाटलं तेच आज सगळ्यात आधी जुनं दिसतं. आपल्या ‘कॅप्टन व्योम’चंही तेच. केतन मेहतांनी १९९८ ला दूरदर्शनवर संगणकावरची यानं उडवली तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली होती. आज ती जुन्या व्हिडिओ गेमसारखी दिसतात. उद्या कुणी ती बदलली, तर अठ्ठ्याण्णव साली भारतात काय जमत होतं आणि काय नव्हतं, हे कळायला काय उरणार?

आपल्याकडे हे काम काही काल सुरू झालेलं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ ला ‘कालिया मर्दन’ केला, स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) शेवटी गरुडाचं विमान येतं. ते विमान खरं वाटतं का? नाही. पण खाली आवली पोराबाळांत राहिलेली असते आणि आपण तिच्याकडे बघत असतो. त्या जागी चकचकीत संगणकी गरुड उडवला तर लोक गरुडाकडे बघतील. दामले-फत्तेलालांनी नेमकं जे टाळलं, तेच आपण करून ठेवू.

कुणी म्हणेल, ‘मुघल-ए-आझम’ २००४ ला रंगीत केलाच की! केला. पण के. आसिफना अख्खा सिनेमाच रंगीत हवा होता, काही भाग त्यांनी तसा शूटही केला होता. आणि काळा-पांढरा ‘मुघल-ए-आझम’ कुणी नष्ट केला नाही. म्हणून माझी त्याला फारशी हरकत नाही.

हरकत आहे ती ‘रांझणा’सारख्या प्रकाराला. २०२५ ला त्याच्या तमिळ आवृत्तीचा शेवटच एआयने बदलून ती थिएटरात लावली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि हिरो धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, पण आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याने कॅमेरा लावला, ज्याने मॉडेल बनवलं, ज्याने पडदा रंगवला, त्याला कोण विचारतो.

आणि इथे विषय आपल्या घरापर्यंत येतो. कर्जत-खालापूरमधली कितीतरी माणसं एन. डी. स्टुडिओत सुतारकाम, पीओपी, रंगकाम करायला जायची. नितीन देसाईंनी उभे केलेले ते किल्ले आणि दरवाजे म्हणजे प्लायवूड आणि प्लास्टरच, पण त्यावर हात आपल्या माणसांचे आहेत. उद्या कुणी म्हणालं की मालिकेतला तो दरवाजा खोटा वाटतो, एआयने दगडाचा करा, तर पडद्यावरून त्या हातांची शेवटची खूणही गेली. क्रेडिटमध्ये नाव तर आधीच नव्हतं.

भिवपुरीच्या पॉवरहाऊसचं उदाहरण देतो, आपल्या रोजच्या बघण्यातलं. टर्बाइन जुनं झालं तर बदलावंच, त्याचं काम वीज काढायचं. पण त्या पॉवरहाऊसचा जुना फोटो घरात असेल तर त्यात नवं टर्बाइन चिकटवत नाही आपण. धूळ पुसतो, काच बदलतो. जुन्या मालिकेचंही एवढंच करायचं असतं. टेपवरचे ओरखडे काढा, उडालेला रंग आणा, आवाजातली खरखर घालवा. हे काम महाग आहे आणि किचकट आहे, म्हणून कुणाला नको असतं. बाणातून ज्वाळा काढणं स्वस्त आणि लगेच व्हायरल.

खरी भीती तर पुढची आहे. यूट्यूबवर असल्या ‘एआय फोर के’ क्लिप इतक्या वाढतायत की दहा वर्षांनी शोधणाऱ्या मुलाला मूळ कुठलं हेच कळणार नाही. आणि मूळ जपायची आपली सवय तर काय सांगावी! पुण्यात २००३ ला नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. तिकडे बीबीसीने टेप परत वापरता याव्यात म्हणून ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग पुसून टाकले आणि नंतर जगभर शोधत फिरली.

प्रसार भारतीकडे जे आहे ते जनतेच्या पैशाचं आहे. तिथे माझी मागणी साधी आहे. मूळ टेप जशीच्या तशी डिजिटल करून लोकांसाठी ठेवा. त्यानंतर नवे इफेक्ट घालून वेगळी आवृत्ती काढायची तर खुशाल काढा, पण त्यावर तसं ठळक लिहा आणि मूळच्या शेजारी ठेवा, मूळच्या जागी नको.

आपल्यापुरतं एक काम आहे. नेरळ, भिवपुरी, कर्जत, खोपोली भागात कुणाकडे जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून असतील, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, गणपतीच्या चलचित्र देखाव्यांच्या, गावच्या नाटकांतल्या ट्रिकसीनच्या, तर भंगारात देऊ नका. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा कोरड्या डब्यात उभ्या ठेवा. चालू व्हीसीआर कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडे सात कॅसेट आहेत, मशीन नाही.