फॉर्म १-ए मध्ये नसलेला प्रश्न

ट्रकचं लायसन नवं काढायचं असो की जुनं रिन्यू करायचं, आरटीओत एक कागद द्यावाच लागतो. फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरने द्यायचा वैद्यकीय दाखला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून तो चालत आलाय. त्याच्या जोडीला फॉर्म १, त्यात चालकाने स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःच सांगायचं. दोन्ही कागद मिळून काय काय विचारतात बघा. फिट येते का, चक्कर येते का. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. लाल-हिरवा ओळखू येतो का. रातांधळेपणा आहे का. हॉर्न ऐकू येतो का. हातपाय शाबूत आहेत का.

सगळे प्रश्न रास्त आहेत. पण रात्री दिसतं का हे विचारणाऱ्या कागदाला रात्री जागं राहता येतं का, हे विचारावंसं वाटलेलं नाही. 'गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार आहे का?' असा एक गोणपाट प्रश्न आहे खरा, त्यात काहीही मावतं. त्याच्यापुढे 'हो' लिहिणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

(हा कागद कसा भरला जातो ते मी एका दवाखान्यात बाकावर बसून पाहिलंय. कंपाउंडरने पैसे घेतले, डॉक्टरांनी मान वर न करता सही ठोकली, नंबरप्लेट वाचायला लावायचा प्रश्नच आला नाही. असो.)

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे स्लीप ॲप्निया. नाव इंग्रजी असलं तरी आजार आपल्या प्रत्येक लग्नघरात भेटतो. जानवशाच्या हॉलमध्ये ज्यांच्या शेजारी गादी टाकायला कुणी तयार नसतं, ते बहुतेक तेच. आपल्याकडे घोरणं हा विनोदाचा विषय, फार तर 'किती गाढ झोपलाय' असं कौतुक. प्रकार नेमका उलटा असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, श्वास दहा-वीस सेकंद थांबतो, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू माणसाला हिसडा मारून अर्धवट जागा करतो आणि मोठ्ठा घुर्रकन आवाज करत श्वास सुरू होतो. असं तासाला पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर तो आजार धरतात, तिसाच्या वर गेलं तर तीव्र. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. तो म्हणतो, मी आठ तास झोपलो. आणि दुपारी चहाचा कप हातात धरून पेंगतो.

एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ साली आपल्याकडच्या वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यातून आलेला अंदाज असा की शंभर प्रौढांमागे अकरा जणांना हा त्रास आहे, पुरुषांत तेरा. आता ट्रक ड्रायव्हर म्हणजे कोण? जवळजवळ सगळे पुरुष, बरेचसे चाळिशीपुढचे, दिवसभर बसून काम, ढाब्यावरचं तेलकट जेवण, तंबाखू. त्यांच्यात हे प्रमाण कमी कसं असेल?

आमच्या जालन्यात ट्रक म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगायला हवं. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी (हिंदीतल्या 'सोना'चा दुसरा अर्थ घेतला तर आजच्या विषयाला फारच चपखल!), पण आताचा पाळणा हलतो तो सळईवर. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलना भंगार लागतं, ते न्हावा-शेवा बंदरातून आणि कुठून कुठून येतं, आणि तयार सळई देशभर जाते. शिवाय बियाणं आहे, मोसंबी आहे. अंबड चौफुली किंवा मंठा चौफुलीवर रात्री दहाला उभे राहा, म्हणजे कळेल की हे गाव झोपतं तेव्हा कितीजण निघालेले असतात. आणि आता समृद्धी महामार्ग. सरळसोट, ना चौक, ना गाव, ना रस्त्यात आडवी येणारी म्हैस. डोळा लागायला याहून सोयीचा रस्ता नाही.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री याच रस्त्यावर, आमच्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पुढे बरेच दिवस चर्चा चालली. अशी चर्चा नेहमी चर्चाच राहते. कारण दारू रक्तात सापडते, झोप कशात सापडणार? आपल्या पेपरांत ठरलेलं वाक्य असतं, 'पहाटे चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. पोलिसांच्या कागदात 'भरधाव वेगाने, हयगयीने'. आणि केंद्राच्या वार्षिक अहवालात सगळं अतिवेगाच्या रकान्यात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाने असं तो अहवाल सांगतो. दारूला रकाना आहे, मोबाईलला आहे, उलट्या दिशेने येण्याला आहे. झोपेला नाही. झोपलेल्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवरच असतो, मग तो वेगाचाच बळी ठरतो. म्हणजे लायसन देताना प्रश्न नाही आणि मेल्यावर रकाना नाही.

आता मामांबद्दल. (मामांना विचारूनच लिहितोय, नातेवाईक मंडळींनी फोनाफोनी करू नये.)

धाकटे मामा तीस वर्षं ट्रकवर आहेत. आधी दुसऱ्याच्या, आता स्वतःच्या, म्हणजे हप्त्याच्या. अंगाने अजिबात स्थूल नाहीत, मान मात्र आखूड आणि जाड. दोन गोळ्या चालू असूनही बीपी खाली येईना म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मामांना सोडून मामींना विचारलं, रात्री घोरतात का? मामी म्हणाल्या, "घोरतात त्याचं काही नाही हो, मधी मधी थांबतात. मग मी छातीवर हात ठेवून बघते, चालू आहे का म्हणून."

किती वर्षं? "थोरलीच्या लग्नाआधीपासून."

तपासणी झाली. तासाला चाळीसच्या वर. डॉक्टरांनी आजार समजावला, मशीन समजावलं. सगळं ऐकून झाल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला, "लायसनवर लिहिणार नाही ना?"

माझं सगळं म्हणणं या प्रश्नातून निघतं. श्वास थांबतो याची मामांना भीती वाटली नाही, लायसन थांबेल याची वाटली. आणि ती खोटी म्हणता येत नाही. लायसन गेलं की ट्रक गेला, ट्रक गेला की हप्ता थकला, पुढचं सांगायला नको. मग उद्या सरकारने नियम केला की ॲप्निया असलेल्याला लायसन नाही, तर काय होईल? देशातला एकही ड्रायव्हर घोरणार नाही! मामीसुद्धा सांगणार नाहीत. आजार होता तिथेच राहील, फक्त लपेल. म्हणून ज्यांना वाटतं की एक कडक नियम काढला म्हणजे झालं, त्यांच्याशी माझं पटत नाही. आणि 'आधीच गरिबाला इतके कागद, त्यात हा आणखी कशाला' म्हणणाऱ्यांशीही पटत नाही, कारण त्या गरिबाच्या ट्रकसमोरून जाणारा दुचाकीवालाही गरीबच असतो.

बाहेरच्यांनी काय केलं? अमेरिकेत २०१६ साली तिथल्या वाहतूक खात्याने ट्रकचालक आणि रेल्वेचालकांसाठी ॲप्नियाची तपासणी नियमात आणायची तयारी सुरू केली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ती गुंडाळून ठेवली. आता तपासणाऱ्या डॉक्टरच्या मर्जीवर आहे. गंमत म्हणजे त्याच २०१६ मध्ये तिथल्या एका मोठ्या ट्रक कंपनीच्या चालकांचा अभ्यास छापून आला होता. ॲप्निया असून ज्यांनी उपचार अजिबात घेतले नाहीत, त्यांच्या हातून टाळता येण्यासारखे गंभीर अपघात पाचपट झाले. ज्यांनी मशीन नीट वापरलं, ते निरोगी चालकांच्या बरोबरीला आले. म्हणजे धोका असतो तो उपचार न घेतलेल्या आजाराचा.

युरोपने हे जास्त शहाणपणाने केलं. २०१४ च्या त्यांच्या निर्देशानुसार मध्यम किंवा तीव्र ॲप्नियाचा संशय आला की चालकाला तज्ज्ञाकडे पाठवायचं. आजार ताब्यात आहे आणि पेंग येत नाही, असं डॉक्टरने सांगितलं की लायसन मिळतं, ट्रकवाल्यांची मात्र निदान वर्षातून एकदा फेरतपासणी. जपानचा किस्सा तर आणखी बोलका. फेब्रुवारी २००३ मध्ये बुलेट ट्रेनचा चालक ताशी २७० किलोमीटरच्या वेगात आठेक मिनिटं झोपला होता. गाडीच्या स्वयंचलित यंत्रणेने ती ओकायामा स्थानकात आपोआप थांबवली. नंतर तपासणीत ॲप्निया निघाला. आमच्या मामांच्या दहाचाकीला तशी यंत्रणा नाही. तिच्यापुढे उभा असतो तो बिघडलेला दुसरा ट्रक, इंडिकेटर बंद.

आपल्याला नवा कायदा करायचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६ आजही सांगतं की आजारामुळे चालक अयोग्य आहे असं वाटलं तर लायसन रद्द करता येतं, किंवा लायसन चालू ठेवायची अट म्हणून वैद्यकीय दाखला मागता येतो. या 'किंवा'मध्ये सगळं बसतं. उपचार चालू तर लायसन चालू. मशीनच्या आत नोंद राहते, कोणत्या रात्री किती तास वापरलं याची, ती दाखवायची.

फॉर्ममध्ये हवेत ते चार साधे प्रश्न. मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, दिवसा पेंग येते का, बीपी आहे का. आणि शिंप्याची टेप घेऊन मानेचं माप. जगभर वापरतात त्या एका प्रश्नावलीत चाळीस सेंटिमीटरच्या पुढची मान ही धोक्याची खूण धरलीय. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात चालकांची नेत्रतपासणी शिबिरं भरतात, तिथेच अक्षरांच्या तक्त्याशेजारी टेप टांगायला काय जातं? फक्त वजनावर जाऊ नका. अमेरिकेत ढोबळ वजनावरून माणसं निवडायची चर्चा झाली, त्या हिशोबाने आमचे मामा कधीच सापडले नसते. आपल्याकडची माणसं सडपातळ दिसतात आणि तरी घोरतात.

आणि 'कुणी पाहिलंय का' हे ड्रायव्हरला विचारून उपयोग नाही, तो तर झोपलेला असतो. घरी बायको पाहते, गाडीत किन्नर. महिन्यातल्या वीस-बावीस रात्री ड्रायव्हरच्या शेजारी झोपतो तो किन्नरच. त्याला विचारा. (खर्च वाचवायला आता किन्नरच ठेवत नाहीत, तो आणखी एक प्रश्न. बोलतं ठेवणारं माणूस गेलं, पाहणारं माणूसही गेलं.)

मामांच्या एका जोडीदाराला हे सगळं सांगितलं तेव्हा तो फाडकन म्हणाला, "झोप तपासता कशाला, झोपायला टाईम द्या की." त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही आणि खोडायचंही नाही. वाहतूक कामगारांना दिवसाला आठच तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. तोही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांपुरता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. एवढ्या वर्षांत आठ तासांत गाडी लावून झोपलेला ड्रायव्हर कुणी पाहिला असेल तर कळवा. तपासणी आणून तासांचा प्रश्न झाकायचा असेल तर ती नकोच. पण एक फरक त्या जोडीदारालाही सांगितला. कमी झोपलेल्या माणसाला झोप दिली की तो ताजा होतो. मामांना दहा तास दिले तरी ते तसेच उठायचे, डोकं जड घेऊन. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि पुष्कळांना दोन्ही एकदम असतात.

राहता राहिला खर्च. झोपेची तपासणी काही हजारांची, मशीन तीस-चाळीस हजारांपासून पुढे. हे चालकाच्या गळ्यात घालून चालणार नाही. तो अमेरिकन अभ्यास झाला त्या कंपनीत तपासणी आणि उपचाराचा भार कंपनीच्या विम्याने उचलला होता. आपल्याकडे ट्रकचा विमा दरवर्षी सक्तीने घेतला जातो, सळई पाठवणारे कारखाने मालाचाही विमा काढतात. या दोघांच्या हिशोबात ड्रायव्हरच्या झोपेचा हप्ता बसवणं अवघड नसावं, कारण अपघात झाला की भरपाई त्यांनाच द्यावी लागते. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. मामांच्या जुन्या गाडीला ती नाही, पण निदान झोपेचा विचार त्या बाजूने तरी सुरू झालाय.

मामांनी मशीन घेतलं, भाच्यांनी थोडे थोडे घातले. घरी ते व्यवस्थित चालतं. गाडीत अडचण आली, ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची. मोंढ्याजवळच्या एका वायरमनने कन्व्हर्टर जोडून दिला. आता त्रास उरलाय तो लोडिंगच्या रांगेचा. माल भरायला कधी कधी रात्रभर थांबावं लागतं आणि गाडी दहा फूट पुढे घ्यायला दर तासाला कुणीतरी दारावर थाप मारतं. मामा मास्क काढतात, गाडी सरकवतात, परत मास्क लावतात. पहाटे चारला नंबर लागतो, साडेपाचला काटा होतो, आणि मग ते निघतात.