पंचवीस खेळाडू, पन्नास दुखापती

जुलै संपत आला की आमच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या ड्यूटी रूममध्ये एक वाद हमखास रंगतो. रात्रीचा राउंड झालेला असतो, चहा गार झालेला असतो आणि इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचा नवा हंगाम दोन-तीन आठवड्यांवर आलेला असतो. यंदा कोणाचा संघ भारी? मागच्या वर्षी एकाने चक्क तक्ता केला होता. गोलरक्षकाला दहापैकी नऊ, बचावफळीला आठ, मधल्या फळीला नऊ, आघाडीला साडेआठ. बेरीज करून त्याने स्वतःचा आवडता संघ अव्वल ठरवला. मी तक्ता पाहिला आणि विचारलं, "यात गुडघे कुठे मोजलेत?" पोरं हसली. मी मात्र गमतीने विचारलं नव्हतं.

हंगामाआधी संघ जोखताना आपण कौशल्य मोजतो. कोण किती गोल करतो, कोणाला किती कोटींना घेतलं, कोणाचा पास किती अचूक. पण खेळाडू जेवढे सामने खेळेल तेवढेच सामने त्याचं कौशल्य संघाच्या उपयोगी पडतं. म्हणून माझं मत असं, की संघाची ताकद ठरवताना पहिला प्रश्न 'कोण किती चांगला' हा नसून 'कोण किती वेळा उभा राहील' हा असला पाहिजे.

याला आधार आहे. युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, २००१ पासून मोठ्या क्लबांतील दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली आहे. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. त्यातून निघालेला ढोबळ हिशेब असा : एका खेळाडूला एका हंगामात सरासरी दोन दुखापती. म्हणजे पंचवीस जणांच्या संघाने वर्षाला सुमारे पन्नास दुखापती गृहीत धराव्यात. त्यातल्या निम्म्या आठवड्याभरात बऱ्या होतात. पण आठ-नऊ अशा असतात, की खेळाडू महिनाभरापेक्षा जास्त काळ बाहेर बसतो. याच नोंदींवरून २०१३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या हंगामात क्लबचे दुखापतीमुळे वाया जाणारे दिवस कमी, त्या हंगामात त्याचं गुणतक्त्यातलं स्थान वर. एकाबरोबर दुसरं दिसलं म्हणजे एकामुळेच दुसरं घडलं असं नाही, हे डॉक्टर म्हणून मला सांगायलाच हवं. तरीही हा संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

लेस्टर सिटीचं उदाहरण घ्या. २०१५-१६चा हंगाम सुरू होताना सट्टेबाजांनी त्यांच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. ते ८१ गुण मिळवून दहा गुणांच्या आघाडीने विजेते झाले. या यशाला दैवी चमत्कार म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल आणि बत्तीस वर्षांचा कर्णधार वेस मॉर्गन हे दोघं अडतीसही सामने पूर्ण खेळले. मारेझ आणि कांटे सदतीस सामन्यांत दिसले, वार्डी छत्तीस. युरोपीय स्पर्धा नसल्याने आठवड्याला बहुधा एकच सामना होता, विश्रांती मिळत होती. कागदावर त्यांच्यापेक्षा भारी संघ बरेच होते. तेच अकरा जण दर आठवड्याला मैदानात उतरवणं मात्र इतरांना जमलं नाही.

उलट उदाहरण लिव्हरपूलचं. २०१९-२० मध्ये ९९ गुणांसह विजेते. पुढच्या हंगामात, १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्ध बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि त्याचा हंगाम संपला. हे आधी ओळखता आलं असतं का? नाही. आदल्या हंगामात तो लीगचा एकही मिनिट बाहेर नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने झालेली ती दुखापत होती. पण त्याच्या मागे उभे असलेल्यांची यादी बघा. ज्यो गोमेझच्या खात्यावर पाच वर्षांत गुडघ्याची मोठी दुखापत आणि पायाचं फ्रॅक्चर जमा होतं. जोएल मातिप आदल्या हंगामात लीगचे फक्त नऊ सामने खेळला होता. चौथा मध्यरक्षक, देयान लोव्रेन, उन्हाळ्यात विकला गेला होता आणि त्याच्या जागी नवा बचावपटू आला नव्हता. नोव्हेंबरात गोमेझ गेला, जानेवारीत मातिप. मधल्या फळीतले फाबिन्यो आणि हेंडरसन मागे आणावे लागले, म्हणजे मधली फळीही विस्कटली. स्वतःच्या मैदानावर सलग सहा लीग सामने हरून अखेर संघ तिसरा आला. पहिली दुखापत दुर्दैव होतं. पुढच्या दोन मात्र नोंदवहीत आधीच लिहिलेल्या होत्या. वैद्यकात आम्ही हे रोज शिकतो, की पुढच्या दुखापतीचा सर्वात भरवशाचा इशारा म्हणजे मागची दुखापत.

खेळाडूंचे वैद्यकीय अहवाल गोपनीय असतात आणि तसेच असावेत. पण सामान्य प्रेक्षकाच्या हाती एक साधं माप आहे : खेळलेली मिनिटं. लीगमध्ये अडतीस सामने, प्रत्येकी नव्वद मिनिटं, म्हणजे ३४२० मिनिटं. कोणत्याही खेळाडूच्या मागच्या दोन हंगामांची मिनिटं काढा. प्रशिक्षकाने मुद्दाम बाहेर बसवलेला काळ बाजूला ठेवा. जो वारंवार निम्म्यावरच थांबतो तो यंदा पूर्ण हंगाम खेळेल, असं समजणं म्हणजे आशेवर जगणं. मग प्रत्येक जागेसाठी दुसरा कोण आणि त्याची मिनिटं किती, हे बघा. दोघांचीही मिनिटं कमी असतील तर ती जागा रिकामी आहे असं समजावं.

मिनिटं फार जास्त असणं हाही धोका असू शकतो. मँचेस्टर सिटीचा रॉड्री २०२३-२४ मध्ये क्लब आणि देश मिळून साठहून अधिक सामने खेळला. सप्टेंबर २०२४ मध्ये, सामन्यांचा भार असाच वाढला तर खेळाडू संपावर जातील, असं तो बोलला. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. थकव्यामुळेच ते झालं असं सिद्ध करता येणार नाही. सलग चार वर्षं विजेता ठरलेला तो संघ त्या हंगामात तिसरा आला, एवढं खरं.

दुखापत टाळता येते का? काही प्रमाणात नक्की. मांडीच्या मागच्या स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, दुखापत युरोपीय क्लबांत २००१ साली एकूण दुखापतींच्या १२ टक्के होती. वीस वर्षांत ती २४ टक्क्यांवर गेली. यावर एक बिनपैशाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. डेन्मार्कमध्ये ९४२ खेळाडूंवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा व्यायाम करणाऱ्या गटात अशा १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. तरी पुढे पाहणी झाली तेव्हा बहुतेक मोठे क्लब हा कार्यक्रम नीट राबवत नसल्याचं आढळलं. कोट्यवधींचा खेळाडू घ्यायला पैसे असतात, दहा मिनिटांच्या कंटाळवाण्या व्यायामाला वेळ नसतो. रक्तदाबाच्या गोळ्या न घेणारे आमचे पेशंट मला इथे आठवतात.

हे सगळं मी फक्त वाचून लिहीत नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. स्थानिक स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका संघाचे कार्यकर्ते विशीतल्या मुलाला घेऊन ओपीडीत आले. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली होती. "साहेब, फक्त फिट असल्याचं सर्टिफिकेट द्या, नाहीतर यादीत नाव घेणार नाहीत." मुलगा नीट चालत होता. सूज नव्हती, दुखत नव्हतं. बाहेर मोठी रांग होती. मी सही केली. दुसऱ्याच सामन्यात, कोणाचा धक्काही न लागता, वळताना तोच गुडघा पुन्हा गेला. तो परत आला तेव्हा चिडला नव्हता. "पण साहेब, तुम्ही फिट लिहिलं होतं ना?" एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवावं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. पण माझी चूक कळायला त्या संशोधनाची गरज नव्हती. त्या दिवशी त्याला एका पायावर उडी मारायला लावली असती, दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला असता, तरी पाय तयार नसल्याचं बहुधा दिसलं असतं.

म्हणून संघ चालवणाऱ्यांकडे, मग तो मुंबईचा व्यावसायिक क्लब असो की कोल्हापूरच्या पेठेतला तालमीचा संघ, माझं मागणं साधं आहे. संघाची यादी ठरते त्या बैठकीत डॉक्टरला किंवा फिजिओला बसवा आणि त्याचा नकार शेवटचा माना. हंगामाआधी दोन महिने प्रत्येक खेळाडूच्या जुन्या दुखापती एका वहीत लिहा, ईसीजी काढून घ्या. आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मुलाला घेऊन ओपीडीत सहीसाठी येऊ नका. आलात, तर मी आता त्याला आधी एका पायावर उडी मारायला लावतो. रांग कितीही मोठी असो.