घरगुती संग्रहयंत्र: घ्यावें, पण कसें?



पालकसभा आटोपून मंडळी घरोघर जावयास निघाली असतां एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला बाजूस घेऊन विचारलें, "सर, घरांतल्या सर्वांचे फोटो आणि कागदपत्रें एके ठिकाणीं ठेवावीं म्हणतों. तें नॅस का काय म्हणतात, त्यांतलें कोणतें घ्यावें?" मीं त्यांस उलट प्रश्न केला, "त्यांतील ऐवजाची दुसरी प्रत आपण कोठें ठेवणार?" ते किंचित् चपापले. "दुसरी प्रत कशाला, सर? त्या पेटींत दोन डिस्क असतात ना?" हा गैरसमज त्या एकट्या गृहस्थांचाच आहे असें नाहीं, सबब या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

नॅस हें नांव ऐकून बिचकण्याचें कारण नाहीं. तें एक लहानसें संगणकयंत्र होय. त्यांत हार्ड डिस्क बसविण्याचे एक, दोन वा चार कप्पे असतात. तें तारेनें घरांतील राउटरला जोडलें म्हणजे घरांतील कोणाहि मनुष्यास आपल्या मोबाइलवरून अगर लॅपटॉपवरून त्या कोठारांत वस्तु ठेवतां येते व काढतां येते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय बंद झाली, आणि भाड्याच्या जागेपेक्षां स्वतःचें कोठार बरें, असें पुष्कळांस वाटूं लागलें. ह्या विचारास मी प्रतिकूल नाहीं. परंतु कोठार विकत घेणें ही एक गोष्ट, आणि त्यांतील धान्य राखणें ही दुसरी. पहिली पैशानें होते. दुसरीस नियम लागतो.

हें मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. माझ्या वडिलांनीं वृद्धापकाळीं, माझ्या आग्रहास्तव, आपल्या बाळपणींच्या आठवणी तीन बैठकींत बोलून दाखविल्या होत्या. गांवचा ओढा, पहिली शाळा, आजोबांनीं पायीं केलेले प्रवास, सारें त्यांत होतें. त्या मीं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, एका हार्ड डिस्कवर नेऊन ठेविल्या, आणि मोबाइलमध्यें जागा व्हावी म्हणून तेथून पुसून टाकिल्या. वडील निवर्तले, त्याच्या दुसऱ्या वर्षीं ती डिस्क टेबलावरून खालीं पडली. दुरुस्ती करणारानें दोन आठवड्यांनीं ती परत दिली, तेव्हां तिच्यांतून कांहीं निघूं शकलें नव्हतें. माझ्या धाकट्या बहिणीनें मात्र त्यांतला एक तुकडा सहज म्हणून आपल्या मोबाइलवर मागून घेतला होता. वडिलांचा आवाज म्हणून आज आमच्या घरीं तीं सतरा मिनिटेंच काय तीं शिल्लक आहेत. पदवीधर म्हणविणाऱ्या मला जें सुचलें नाहीं, तें तिनें मायेपोटीं केलें.

आतां त्या दोन डिस्कांच्या भरंवशाचा विचार करूं. अनेक साध्या डिस्क एकत्र जोडून एकीच्या बिघाडानें काम थांबूं नये, अशा रचनांवर पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या बर्कली येथील तिघा विद्वानांनीं १९८८ सालीं निबंध प्रसिद्ध केला, आणि 'रेड' ही संज्ञा तेव्हांपासून रूढ झाली. दोन कप्प्यांच्या पेटींत बहुधा तिचा आरशासारखा प्रकार योजितात: जें एका डिस्कवर लिहिलें जातें, तेंच त्याच क्षणीं दुसरीवरहि. अर्थात् चार टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा चार टेराबाइटचीच मिळते. एक डिस्क मेली तरी दुसरीवर घर चालतें, हा लाभ खराच. परंतु आरसा चुकीचेंहि प्रतिबिंब तितक्याच तत्परतेनें दाखवितो. मुलाच्या हातून फोटोंची फाईल पुसली गेली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. चोर पेटी उचलून नेतो तेव्हां दोन्ही डिस्क नेतो. घरांत पाणी शिरलें तर दोन्ही भिजतात. सबब आरसा ही दुसरी प्रत नव्हे.

ह्याचें एक बोलकें उदाहरण छपाईच्या इतिहासांत आहे. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं प्रसिद्ध करणारे विल्यम केरी ह्यांचा छापखाना बंगालमधील श्रीरामपूर येथें होता. ११ मार्च १८१२ रोजीं त्यास आग लागली. टाइप वितळले, कागद जळाला, आणि केरींनीं वर्षानुवर्षें खपून सिद्ध केलेलीं कित्येक हस्तलिखितें भस्म झालीं. बहुभाषी कोशाच्या लिखाणाचा मोठा भागहि त्यांतच गेला. परंतु ढिगाऱ्याखालीं टाइप घडविण्याचे मूळ ठसे व सांचे शाबूत सांपडले, आणि त्यांवरून नवे टाइप ओतून छपाई लवकरच पुन्हां सुरू करतां आली. ज्याचें मूळ वेगळें राखलें गेलें तें उभें राहिलें. ज्याची एकच प्रत होती तें गेलें. दोनशें वर्षांत साधनें पालटलीं, हा नियम पालटलेला नाहीं.

आजची आग कधीं कधीं तारेवाटेंहि येते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'माय बुक लाइव्ह' ह्या पेट्यांस २०१५ नंतर सुधारणा मिळाल्या नव्हत्या. जून २०२१ मध्यें इंटरनेटवरून आलेल्या आज्ञेनें अनेक ग्राहकांच्या पेट्या रित्या झाल्या. जानेवारी २०२२ मध्यें 'डेडबोल्ट' नामक खंडणीखोर प्रोग्रॅमनें क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून त्यांच्या मालकांकडून खंडणी मागितली. ह्यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, बाहेरगांवीं बसून घरचे फोटो पाहण्याच्या हौसेपायीं पेटीचें दार साऱ्या जगास उघडें करूं नये. आणि जिला कंपनीकडून नियमित सुधारणा मिळणार नाहींत ती पेटी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

मग घ्यावें तरी काय? माझें मत स्पष्ट आहे. आधीं घरांतील सर्व मोबाइल व संगणक मिळून किती ऐवज आहे तो मोजावा आणि त्याच्या दुपटीतिपटीची जागा धरावी. फोटो, कागदपत्रें व घरगुती चलच्चित्रें ह्यांस दोन कप्प्यांची साधी पेटी सामान्य कुटुंबास पुरते. गिगाबिटच्या साध्या तारेनें सेकंदास सुमारें शंभर मेगाबाइट ऐवज वाहतो. त्याहून वेगाचा हव्यास नको. डिस्क घेतांना ती 'सीएमआर' पद्धतीची आहे, हें पाहून घ्यावें. 'एसएमआर' पद्धतींत लेखनाचे पट्टे कौलांप्रमाणें एकावर एक चढलेले असतात; त्यामुळें जुनें खोडून नवें लिहावयास फार वेळ लागतो, आणि बिघडलेली डिस्क बदलल्यावर आरसा पुन्हां भरण्याचें काम रेंगाळतें. नॅससाठीं म्हणून विकलेल्या कांहीं डिस्क ह्या पद्धतीच्या निघाल्यानें २०२० सालीं मोठी ओरड झाली होती. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. करितां पेटीस यूपीएस जोडावा, आणि वीज जातांच पेटी आपणहून नीट बंद होईल अशी व्यवस्था करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार कप्प्यांच्या पेटीस जे अधिक पैसे पडतील, त्यांतून एक वेगळी साधी हार्ड डिस्क घ्यावी. तीन महिन्यांनीं एकदां पेटींतील सर्व ऐवज तिच्यावर उतरावा आणि ती मामाच्या वा आत्याच्या घरीं ठेवून द्यावी. पेटी घेतल्यावर ह्या डिस्कपुरते पैसे उरत नसतील, तर पेटीच घेऊं नये! दोन साध्या डिस्क घेऊन एक आपल्या घरीं व एक नातलगाच्या घरीं ठेवावी. एकाच घरांतील डौलदार पेटीपेक्षां दोन घरांतील दोन साध्या प्रती मी अधिक मोलाच्या मानतों.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षां महिन्याचें भाडें देऊन परक्या कोठारांत ठेवणें काय वाईट? ज्या घरीं ही उठाठेव करणारें कोणी नाहीं, त्या घरास तेंच योग्य होय, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. दुर्लक्षित पेटी भाड्याच्या कोठाराहून अधिक धोक्याची. परंतु तेथेंहि भाडें थकलें, पासवर्ड हरवला, अगर खातेंच बंद झालें, तर हातीं कांहीं राहत नाहीं. म्हणून तेथील ऐवजाचीहि एक प्रत घरीं असावीच.

पालकहो, पेटीचा पासवर्ड एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यांत ठेवूं नका. तो कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा, आणि घरांतील आणखी एकास ती चालविण्यास शिकवा. विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमच्या वयास शोभणारें आहे. दर तिमाहीस प्रत काढण्याचें काम तुम्हीं आपल्याकडे मागून घ्यावें. आणि प्रत काढल्यावर तींतील दहापांच फाइली उघडून पाहाव्या, कारण जी उघडत नाहीं ती प्रत नव्हे. घरांत आजीआजोबा असतील, तर ह्या सुटींत त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आठवणी मुद्रित करून घ्या, आणि त्याच दिवशीं, निजण्यापूर्वीं, त्यांची दुसरी प्रत करा. वरातीमागून घोडें नेण्यांत अर्थ नसतो, हें मीं फार मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. तुम्हांस तें फुकट मिळत आहे, तें घ्या.